गडचिरोलीला जाऊ, की गावातच थांबू?

पत्राचा सारांश: शिरोळ तालुक्यातल्या एका गावातली ही मुलगी कोल्हापुरात वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. 'कमवा व शिका'मध्ये काम करते, एनएसएसमध्येही (राष्ट्रीय सेवा योजनेतही) आहे. गेल्या जानेवारीत पन्हाळा तालुक्यातल्या दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर झालं. शाळेची भिंत रंगवली, दोनशे रोपं लावली, पथनाट्य केलं. यंदा शिबिर पुन्हा त्याच गावात लागलं. बघते तर रोपं जळून गेलेली आणि भिंत मधल्या काळात कुणीतरी वेगळ्याच रंगानं रंगवलेली. दारात बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "यंदा कुठला रंग आणलाय गं पोरींनो?" तेव्हापासून तिचं मन लागत नाही; थोड्या दिवसांचं काम वायाच जातं, असं तिला वाटतं. तरीही मे महिन्याच्या सुटीत एका खासगी आयोजकाच्या तीस जणांच्या, आठ दिवसांच्या 'सेवा सहली'साठी तिनं गडचिरोलीला नाव दिलंय. शुल्क ११,५०० रुपये, त्यातले २,००० स्वतःच्या कमाईतून भरलेत. आदिवासी मुलांना शिकवणं, आरोग्य शिबिरात मदत, शेवटच्या दिवशी जंगलात फेरी आणि प्रमाणपत्र असा कार्यक्रम आहे. वडील म्हणतात, "आपल्या गावात पाणी शिरतं तेव्हा बाहेरची पोरं येऊन आपला चिखल काढतात, आणि तू निघालीस गडचिरोलीला!" भाऊ मित्रांबरोबर गोव्याला गेला तेव्हा मात्र घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. मैत्रीण म्हणते, "सीव्हीसाठी चाललीस, कबूल कर." मुलगी लिहिते, "त्यात थोडं खरं आहे. मग हे ढोंगच झालं ना? जाऊ की नको?"

तुझ्या पत्रात एक वाक्य कंसात आहे. "२०१९ ला आमच्याही घरात पाणी होतं, तेव्हा बाहेरची मुलं आलेली." मैत्रीण काय म्हणाली, वडील काय म्हणाले, म्हातारी काय म्हणाली यावर तू पानंच्या पानं लिहिलीस, आणि जे तू स्वतः भोगलंस ते कंसात टाकून पुढे गेलीस. मी तिथूनच सुरू करते.

सेवेला जाणाऱ्या बहुतेक मुलांनी मदत फक्त दिलेली असते. घेण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नसते. तुझ्यावर आली. त्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३. पाणी उतरल्यावर तुमच्या तालुक्यात मदतीचा लोंढा आला, तोही आठवत असेल. टेम्पो यायचा, पोरं उतरायची, गाठोडी टाकायची, बॅनर धरून फोटो काढायची आणि टेम्पो पुढच्या गावाला जायचा. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडले होते. लग्नातले कोट, चेन तुटलेल्या पँटी, एकाच पायाचे बूट. जिच्या घरात पोत्यातल्या ज्वारीला मोड आले होते आणि वाकळा कुजून घाण मारत होत्या, ती बाई त्या कोटाचं काय करणार? तिला पाहिजे होतं खोरं, घमेलं, फिनेल, म्हशीला वैरण, आणि चिखल वाळून दगड व्हायच्या आत तो घराबाहेर ओढणारे हात.

तसे हातही आले होते. ती पोरं उंबऱ्याबाहेर थांबून विचारायची, "मावशी, आधी कुठली खोली?" मावशी म्हणाल्या देवघर, तर देवघर. गोठा म्हणाल्या, तर गोठा. भिजलेल्या ट्रंकेतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे मावशींना विचारल्याशिवाय ती काही उचलत नव्हती. ती एक दिवसच आली आणि गेली. पण एका दिवसात घर उभं राहण्याजोगं झालं.

तुमच्या घरी कुठली आली होती? त्यांनी काय केलं तेव्हा बरं वाटलं, आणि काय केलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं? तुझ्या आईला काय वाटलं होतं? पुढचं वाचायच्या आधी हे कागदावर लिहून काढ. आईला फोन करून विचारलंस तर आणखी चांगलं. गडचिरोलीबद्दल मी काहीही सांगितलं, तरी त्या कागदाइतकं ते तुझ्या उपयोगाचं नाही.

आता तो कागद हातात धरून त्या सहलीचं पत्रक बघ.

'आदिवासी मुलांना शिकवणे.' मे महिन्यात? झेडपीच्या शाळांना सुटी, आश्रमशाळांना सुटी. मुलं आपापल्या गावी गेलेली. आणि गावात तरी सकाळी कोण सापडणार? उन्हाळा म्हणजे तिकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. विडीसाठी लागणारी ही पानं तोडायला घरची माणसं उजाडायच्या आत जंगलात जातात. ऊन चढल्यावर परत येतात आणि मग पानांचे पुडे बांधत बसतात. वर्षातली रोख कमाई बऱ्याच घरांना याच थोड्या आठवड्यांत मिळते. अशा वेळी तीस पाहुणे गाणी-खेळ घेऊन दारात उतरले, तर त्यांच्यापायी कुणाचा तरी दिवस बुडतो. पाहुणा आला की घरची बाई हातातलं टाकून पाणी देते. गडचिरोली असो नाहीतर शिरोळ, यात फरक नाही. शिवाय भामरागडकडच्या गावांत घरात माडिया बोलतात. तिथल्या पहिलीतल्या पोराला तुझी शिरोळची मराठी कळायलाच आठ दिवस लागतील, आणि तुला त्याची माडिया कळायला त्याहून जास्त.

'आरोग्य शिबिरात मदत.' तू नाव लिहून घेशील, रांग लावशील, वजनकाट्यापाशी उभी राहशील. हे चांगलं काम आहे. पण रक्तदाबाच्या आठ गोळ्या घेऊन घरी गेलेल्या माणसाला नववी गोळी कुठून मिळणार, हे आयोजकांना माहीत आहे का? तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला शिबिराची खबर तरी आहे का? आणि कुणी गंमत म्हणून तुझ्या हातात इंजेक्शन दिलं, तर हात मागे घे. बी.एस्सी.च्या मुलीनं कोल्हापुरात जे करायचं नसतं, ते गडचिरोलीतही करायचं नसतं.

पैशांचंही बोलू. तू 'कमवा व शिका'तून पैसे मिळवतेस, म्हणजे दोन हजारांत किती तास गेले हे तुला कुणी सांगायला नको. ११,५०० रुपयांत तिथल्याच डी.एड. झालेल्या एखाद्या मुलीला महिनाभर उन्हाळी वर्ग घ्यायला मानधन देता येईल. तीस जणांच्या शुल्कात किती वर्ग चालतील ते मोज. अर्थात, तू घरी थांबलीस म्हणून तो पैसा आपोआप तिच्याकडे जाणार नाही, हे मलाही कळतं. तरी हा हिशोब डोक्यात असू दे, म्हणजे आयोजकाला विचारताना जीभ अडखळणार नाही. प्रवासही मोज. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्धा किंवा नागपूर गाठायलाच एक दिवस-रात्र लागते, पुढे एसटी. आठातले तीन दिवस तर रस्त्यातच गेले, आणि शेवटचा जंगलात.

तेव्हा आयोजकाला फोन लाव आणि विचार. कुठल्या गावात जाणार? त्या गावातल्या कुणी बोलावलंय, आणि त्यांच्याशी मला बोलता येईल का? मागच्या वर्षी गेलेल्यांनी काय केलं, आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे? शुल्कातला किती भाग गावात किंवा तिथल्या संस्थेत राहतो? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? मुली कुठे झोपणार, संडास-बाथरूमची सोय काय, सोबत जबाबदार बाई कोण? उत्तरं महत्त्वाची, पण त्याहून बोलण्याचा सूर ऐक. काम करणारी माणसं असल्या प्रश्नांनी सुखावतात, कारण त्यांना हे कुणी विचारत नाही. 'तू फक्त ये गं, खूप मजा येते' असं उत्तर आलं, तर काय समजायचं ते समज.

एक शक्यता अशीही आहे की आयोजक प्रामाणिकपणे म्हणेल, "खरं सांगायचं तर आम्ही शहरातल्या मुलांना तो भाग दाखवतो. आठ दिवसांत गावाचं काही भलं होत नाही." असं म्हणणारा भेटला तर मी त्याला मानेन. मग ती अभ्यासाची सहल झाली. परवडत असेल आणि बघायची इच्छा असेल तर खुशाल जा. विसाव्या वर्षी आपल्याच राज्याचं दुसरं टोक बघावंसं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त परत आल्यावर 'मी आदिवासी मुलांना शिकवलं' असं कुठे लिहू नकोस.

यातूनच मी तुझ्या मैत्रिणीकडे येते. तिचं म्हणणं तू फारच मनाला लावून घेतलंस. सीव्हीत एक ओळ वाढावी असं वाटणं हा काही गुन्हा नाही. नव्या शैक्षणिक धोरणात समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांकच ठेवलेत. म्हणजे विद्यापीठानंच ते गुणपत्रिकेत आणलंय. हेतू शंभर टक्के शुद्ध झाल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं असतं, तर २०१९ ला तुमचा चिखल आजही घरातच असता. आलेल्यांपैकी कुणी पुण्यासाठी आलं होतं, कुणी मित्र निघाला म्हणून, कुणी टीव्हीवर बघून राहवलं नाही म्हणून, आणि एखादा खात्रीनं फोटोसाठीच. खोरं नीट चालवलं त्यांचं काम झालं. तुमच्या आईनं त्यांना हेतू विचारला होता का? मैत्रिणीला सांग, "हो, थोडं सीव्हीसाठी," आणि विषय संपव. प्रमाणपत्र मिळणार नसतं तर मी हे काम निवडलं असतं का, एवढं मात्र एकटीनं स्वतःला विचार. उत्तर 'नाही' आलं तरी हरकत नाही. आपण किती पाण्यात आहोत ते कळलं.

आता ती म्हातारी. तिनं टोमणा मारला असं तू धरून चाललीस. मला वाटतं, तुमच्या शिबिराचा खरा अहवाल तिनंच दिला, तोही एका वाक्यात. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर हा तिचा आराखडा तुला पाठ असेल. दत्तक गाव ही कल्पना त्यातच आहे: वर्षभर त्याच गावात जात राहायचं, आणि शिबिर हा त्यातला एक टप्पा. होतं काय, की सात दिवस दणक्यात साजरे होतात आणि उरलेले तास कॉलेजच्या आवारात झाडू मारून भरले जातात. मी शिकवत होते तेव्हाही हेच चालायचं. शिबिराच्या आठवड्यात कार्यक्रम अधिकारी बिचारा जेवणाच्या सामानात, पाहुण्यांच्या हारात आणि अहवालाच्या फोटोंत इतका बुडालेला असतो, की गावाला काय हवंय हे विचारायला त्याला सवडच नसते.

दोनशे रोपांचंच घे. जानेवारीत लावलेलं रोप होळीपर्यंत कसंबसं तग धरतं. पुढे एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी कोण घालणार? ज्या गावात बाया प्यायचं पाणी लांबून आणतात, त्या रस्त्याकडेच्या रोपाला घागर ओततील ही अपेक्षाच चूक. हिवाळ्याच्या शिबिरात खड्डे खणावेत, पालापाचोळा आणि शेणखत भरून ठेवावं. जूनमध्ये चांगला पाऊस लागला की एका रविवारी पाच-सहा जणींनी एसटीनं जाऊन रोपं लावावीत. दोनशे नकोत, वीस पुरेत. रस्त्याकडेला नकोत, घरांच्या परड्यात हवीत. फणस मागितला तर फणस, लिंबू मागितलं तर लिंबू, म्हणजे त्या रोपाला मालक असतो आणि भांडी घासलेलं पाणी त्याच्या बुडाशी जातं. पहिलं रोप त्या म्हातारीच्या दारात लाव. ती तुला झाडाची खबरही देईल आणि गावाचीही.

भिंतीचं फार बोलत नाही. भिंत रंगवणं सोपं असतं, चार दिवसांत होतं आणि फोटोत दिसतं. पुढच्या वेळी मुख्याध्यापकांना विचारा, भिंतीऐवजी काय करू? बहुधा मुलींच्या संडासाचं दार म्हणतील.

थोड्या दिवसांचं काम वाया जातं, हा तुझा निष्कर्षही मला मान्य नाही. ते कशाला जोडलेलं आहे ते बघावं लागतं. पुण्याची मैत्री ही संस्था पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम चालवते, कारण बाळं दगावण्याची भीती त्या महिन्यांत जास्त. स्वयंसेवक थोडेच दिवस जातात, पण तुकड्यातुकड्यांनी. घरोघर फिरून आजारी बाळ, दिवस भरत आलेली बाई शोधायची आणि दवाखान्याशी गाठ घालून द्यायची. एक तुकडी परतते तेव्हा त्या गावांवर नजर ठेवायला पुढची असते. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्येही (पाणी अडवण्याच्या कामांची गावागावांतली स्पर्धा) २०१६ पासून काही उन्हाळे तेच दिसलं. शहरातली माणसं १ मेला एका दिवसासाठी कुदळ मारायला जायची. फोड आले की फोटोही टाकायची. पण चर कुठे खणायचा, त्याची आखणी कशी, हे प्रशिक्षण घेतलेल्या गावकऱ्यांनी आधी ठरवलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी काम तेच पुढे नेणार असायचे. एका दिवसाच्या पाहुण्याचीही माती वाया गेली नाही.

वडिलांचं म्हणणं. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय, आणि ती वेगळी केल्याशिवाय तुमचं बोलणं पुढे जाणार नाही.

एक गोष्ट खरी आहे. पूर तुमच्या दारात येतो आणि गावाला तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरींची गरज आहे. दुसरी त्यांनी बोलून दाखवलेली नाही: पोरगी आठ दिवस एवढ्या लांब, अनोळखी माणसांत जाणार, याची धास्ती. भाऊ गोव्याला गेला तेव्हा गावाचा चिखल कुणाला आठवला नव्हता, हे तू बरोबर टिपलंस. ते त्यांना जरूर विचार, पण ज्या दिवशी परवानगी मागायची त्या दिवशी नको; त्या दिवशी ते भांडण होईल. धास्ती खोडून निघत नाही, सोय दाखवून कमी होते. बरोबर कोण, मुक्काम कुठे, तिथल्या बाईंचा फोन नंबर, परतीचं तिकीट. वडिलांना थेट त्या बाईंशी बोलू दे. इतकं करूनही 'नाही'च आलं, तर ते गावाच्या काळजीपोटी नाही, हे तुम्हा दोघांनाही कळेल.

माझा सल्ला विचारशील तर या मे महिन्याचे दोन भाग कर.

एक भाग गावाला दे. वडील म्हणतात म्हणून नको; पूर जुलै-ऑगस्टात येतो आणि तेव्हा तुझं कॉलेज चालू असतं. हाताशी वेळ असतो तो मेमध्ये, आणि तेव्हाच गावाला पुराची आठवण नसते. एक वही घे आणि तुमच्या गल्लीपासून सुरू कर. प्रत्येक घराला एक पान. घरात माणसं किती, त्यात चालता न येणारं कोण, जुलै-ऑगस्टात बाळंत होणारी कोण, रोजची इन्सुलिन किंवा फिटची गोळी कुणाला लागते, जनावरं किती, पाणी वाढलं तर जाणार कुठे, जयसिंगपूरला पाहुणे आहेत की शाळेतल्या छावणीत? रेशन कार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी आहेत का? २०१९ ला कागद भिजले म्हणून पुढे किती जणांनी तलाठ्याकडे किती फेऱ्या मारल्या, हे तुझ्या वडिलांनाच विचार. आशाताईंना बरोबर घे. त्यांना निम्मी माहिती तोंडपाठ असते, आणि त्यांच्याबरोबर गेलीस की दारं उघडतात. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ती टाकू नकोस. कुणाच्या घरात कुठला आजार आहे हे चावडीवर वाचायचं नसतं. मग राजाराम बंधारा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेल्याची बातमी आली, की आधी कुणाचं दार वाजवायचं हे शोधत बसावं लागणार नाही. वर्षभरात माणसं वाढतात, जातात, म्हणून दर मेमध्ये वही नव्यानं करायची. या कामाला प्रमाणपत्र कुणी देणार नाही. पण तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधी बोललीस, तर हे तास एनएसएसच्या खात्यात धरता येतात का ते बघता येईल, आणि तुझ्यासारख्या पूरपट्ट्यातल्या आणखी मुली-मुलं कॉलेजात असतीलच.

पाण्यात उतरण्याचा मोह मात्र करू नकोस. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, ते तुमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. ते काम शिकलेल्यांचं. तुलाही शिकायचं असेल तर सरकारची 'आपदा मित्र' नावाची प्रशिक्षण योजना आहे, तहसील कार्यालयात चौकशी कर.

दुसरा भाग तुझा. जग बघायची तुझी इच्छा खरी आहे, ती गावाच्या नावाखाली दाबू नकोस. विदर्भच बघायचा असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यात सोमनाथ आहे. बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीची श्रमसंस्कार छावणी तिथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून उन्हाळ्यात भरत आलीय. सकाळी कुदळ-फावडं, दुपारनंतर व्याख्यानं, चर्चा, गाणी. महाराष्ट्रभरातली तुझ्या वयाची मुलं-मुली येतात. मला त्यातलं आवडतं ते हे, की ती छावणी तरुणांना घडवायला आहे असं सरळ सांगितलं जातं. गावाला उपकृत करायला निघाल्याचा आव नाही. ऊन मात्र चंद्रपूरचं, ४५ अंश अगदी नेहमीचे. या वर्षीच्या तारखा आणि शुल्क त्यांच्याकडूनच विचारून घे, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नकोस.

मे जमला नाही तर दिवाळीची सुटी आहे. त्या सुमाराला ऊसतोड टोळ्या तुमच्या शिवारात उतरतात. बीडकडची, मराठवाड्यातली माणसं. पालं पडतात आणि शाळेच्या वयाची पोरं बैलांमागे किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत दिवस काढतात. आदिवासी मुलांना शिकवायला राज्याच्या दुसऱ्या टोकाला जायची तयारी आहे, तर या मुलांची नावं जवळच्या झेडपी शाळेत घालायला तुला सायकल पुरते. शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाच्या मधेही प्रवेश द्यावा लागतो, दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. मुलाकडे मूळ शाळेचं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा देते ते) असेल तर उत्तमच. मुकादमाशी आधी बोलायचं, आईशी संध्याकाळी, कारण पहाटे चारला ती फडात गेलेली असते. मार्चमध्ये टोळी परत निघाली की ही मुलं पुन्हा सुटतात. तिकडच्या शाळेला फोन करणं हे तुझ्या कामाचं शेवटचं टोक.

हे वाचणाऱ्या इतर मुलांसाठी एक-दोन गोष्टी. मुलांचे फोटो, तेही नाक गळतंय असे, आपल्या खात्यावर टाकू नका. आई-बापांना विचारलंत तरी ते नको म्हणायला बिचकतात. आणि बालगृहात आठवडाभर जाऊन पोरांना जीव लावून परत यायचा विचार असेल तर तो सोडा. ज्या लेकराला आधीच कुणी सोडून गेलंय, त्याला आणखी एक ताई आठवड्यात सोडून जाते. तिथे भांडी घासा, धान्य निवडा, हिशोबाच्या वह्या लिहून द्या. किंवा जवळच्या बालगृहात दर शनिवारी जा, आणि जमणार नसेल तर सुरूच करू नका.

राहिले तुझे दोन हजार. पावतीवर रद्द करण्याची अट काय आहे ते वाच. तोंडी बोलू नकोस, मेसेजवर किंवा ई-मेलवर लिहून परत माग. कारण एका ओळीत पुरे. परत मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी साडेनऊ हजार भरायला जाऊ नकोस. आणि फोनवर नीट उत्तरं मिळाली, गावातल्या माणसाशी बोलणं झालं, तिथून खरंच बोलावणं आहे असं दिसलं, तर माझं हे सगळं बाजूला ठेव आणि जा. सोबत मच्छरदाणी घे, गडचिरोलीत मलेरिया आहे.